काळ्या पाषाणावर हाताने अक्षर कोरायचं आहे, पण शिरोरेषेशी टवका उडतो

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. मी वाईजवळच्या एका गावची, साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवते. वय ३८. फळ्यावर, कापडावर, भिंतीवर अक्षरं काढण्यात बरीच वर्षं गेली, पण दगडाला छिन्नी पहिल्यांदाच लावली आहे.

आमच्या मळ्यात बाबांनी १९८३ साली विहीर काढली. सुरुंगाचं काम सोडलं तर सगळं घरच्या माणसांनी केलं आणि वरचं घडीव दगडाचं बांधकाम बाबांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. बाबा गेल्या फाल्गुनात गेले. वर्षश्राद्धाच्या आत त्या बांधकामात एक काळा दगड बसवायचा आहे. वर त्यांचं नाव आणि खाली "ही विहीर शके १९०५ मध्ये बांधली", एवढंच.

दोन दुकानांत विचारलं. दोन्हीकडे ग्रॅनाइटची चकचकीत पाटी, संगणकातलं ठरलेलं अक्षर, रबराचं स्टेन्सिल चिकटवून वाळूचा फवारा. काम सुबक असतं, दोन दिवसांत मिळतं. पण विहिरीच्या दगडाशी ते जुळणार नाही असं मला वाटतं, आणि ही अक्षरं माझ्याच हातून व्हावीत अशी फार इच्छा आहे.

गावातल्या पाथरवटाकडून फूटभर लांबीचा तुकडा आणला. हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाची छिन्नी घेतली. कार्बन पेपरने "विहीर" उमटवलं आणि अंगणात बसून सुरुवात केली. काना बरा निघाला, पण काना जिथे शिरोरेषेला मिळतो तिथे तुरीच्या डाळीएवढा टवका उडाला. मग "व"च्या पोटातला दगड अख्खाच निघून आला. पंधरा मिनिटांत छिन्नीची धार गेली. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कोरून पाहिलं, तेच झालं.

कुणाला ही कला येते का? दगड चुकला, छिन्नी चुकली की हात?

जुनी_छिन्नी:

ताई, आधी चार गोष्टी सांगा. अक्षराची उंची किती? दगड आडवा ठेवला होता की उभा? छिन्नीला धार कशावर लावता? आणि पहिला ठोका अक्षराच्या कडेवर घालता की मधोमध?

कृष्णाकाठची:

काका, उंची साधारण सव्वा इंच. दगड जमिनीवर आडवा, मी वाकून. धार सुरीच्या दगडावर लावली. ठोका कडेवर घालते, म्हणजे आधी बाहेरची रेघ नीट कापून घ्यायची आणि मग आतलं काढायचं, असं.

जुनी_छिन्नी:

चारही उत्तरं वाचली आणि टवका का उडतो ते कळलं. जरा लांब लिहितो, कारण हे काम मला चाळीस वर्षं पोसत आलं आहे आणि आता विचारायला कुणी येत नाही.

मी सतराव्या वर्षी पुण्यात एका संगमरवराच्या दुकानात लागलो. उस्ताद राजस्थानचे होते. नावाच्या पाट्या, कोनशिला, ख्रिस्ती दफनभूमीतले दगड, असं काम. पहिले तीन महिने त्यांनी मला अक्षर कोरू दिलं नाही. फरशीच्या तुकड्यावर वीतभर सरळ रेघ ओढायची आणि तिची खाच कोरायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंदी सारखी, खोली सारखी, तळाची नस, म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजू जिथे मिळतात ती रेघ, सरळ. मग आडव्या रेघा, मग तिरप्या, शेवटी अर्धगोल. रोज संध्याकाळी ते खाचेवरून नखाचं टोक फिरवायचे. नख कुठे अडलं की तिथे बोट ठेवायचे, बोलायचे नाहीत.

तुमचा पहिला प्रश्न दगडाचा. आपला काळा पाषाण शिकायला शेवटी घ्यायचा. तो ज्वालामुखीचा दगड, त्याचे बारीक कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. साधी पोलादी छिन्नी त्याला कापत नाही, चेचते. वरून काही दिसत नाही, पण खाली बारीक भेगा पडतात आणि शेजारची खाच कोरताना टवका होऊन बाहेर येतात. तुमचं तेच झालं. म्हणून फरशीवाल्याकडे जा आणि कडप्प्याचे किंवा शहाबादीचे वाया गेलेले तुकडे मागा, बहुतेक फुकट देतील. दोन्ही चुनखडीचे दगड, पोलादाला ऐकणारे. कडप्प्यावर तर काळ्यात खाच पांढरट उमटते, चूक लगेच दिसते. पण त्याला थर असतात. तुकडा हातात लोंबता धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणला तर घ्या, बद्द वाजला तर आत थर सुटलेला आहे. कडप्प्यावर हात बसला की संगमरवर, आणि मग तुमचा काळा दगड.

काळ्या दगडासाठी टोकाला टंगस्टन कार्बाइड बसवलेली छिन्नी लागेल. तिची धार साध्या दगडावर लागत नाही, हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड किंवा हिऱ्याची पट्टी घ्या. पूर्वी आमच्याकडे पोलादी छिन्न्याच होत्या आणि रोज भट्टी पेटायची. टोक गुंजेसारखं लाल करायचं, पेरभर पाण्यात बुडवायचं, लगेच काढून दगडावर घासून उजळायचं आणि रंग बघत बसायचं. वरची उष्णता खाली उतरते तसा टोकाला वाळल्या गवताचा पिवळा चढतो. तो धारेवर आला की अख्खी छिन्नी पाण्यात. निळा येईपर्यंत थांबलात तर धार मऊ पडते. याला पाणी देणं म्हणतात. कडप्प्याच्या कामाला तुमच्या गावच्या लोहाराकडून अशा दोन छिन्न्या करून घ्या, एक चार सुताची, एक दोन सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). हातोडी अर्धा ते पाऊण किलोची, आखूड दांड्याची. जोर हातोडीच्या वजनाचा, खांद्याचा नाही.

आता मुख्य गोष्ट. कडेवर पहिला ठोका कधीही घालायचा नाही. रेघेच्या मधोमध एक बारीक नस पाडायची. मग छिन्नी तिरकी धरून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून त्या नसेकडे दगड सोलत आणायचा. खाच हळूहळू रुंद होत कडेकडे सरकते. कडेच्या केसभर अलीकडे थांबा. सगळं अक्षर तिथवर आणा, आणि शेवटचा हात कडेपर्यंत, अगदी हलका. खोली रुंदीच्या निम्मी. रेघ चार सूत रुंद तर खोली दोन सूत. जिथे रेघ निमुळती होते तिथे खोलीही आपोआप उथळ होते, कारण छिन्नीचा तिरकेपणा बदलायचा नसतो.

टोकाशी नेहमी बाहेरून आत यायचं. आतून बाहेर जाल तर शेवटच्या ठोक्याला कोपरा उडणारच.

शिरोरेषेचं दुखणं सगळ्यांनाच भोवतं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली अक्षरं एका लांब खाचेला टांगलेली, आणि प्रत्येक काना म्हणजे त्या खाचेला मिळणारा एक नाजूक सांधा. "विहीर शके" एवढ्यात असे सांधे मोजा. मी असं करतो: सगळे काने आणि गोलाया आधी, पण प्रत्येक काना शिरोरेषेच्या एक सूत अलीकडे थांबवायचा. मग शिरोरेषा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, शब्द संपेपर्यंत. मधे जी सूतभर भिंत उरते ती सगळ्यात शेवटी, दोन सुताच्या छिन्नीने, दोन्ही खाचांच्या नसा एकमेकींना भेटवत काढायची. सुताराच्या चौकटीला कोपऱ्यात जसा तिरपा सांधा दिसतो तसं ते दिसलं पाहिजे.

"व", "ब", "क" यांच्या पोटात दगडाचं एक बेट उरतं. त्याला आधार फक्त खालून. म्हणून बेटाकडची बाजू आधी सोलायची, पातळ पातळ, आणि खोल नस नंतर पाडायची. सव्वा इंचाच्या अक्षरात काळ्या दगडाचं एवढंसं बेट टिकत नाही, माझ्याही हातून टिकलं नसतं. अक्षर तीन इंचांचं करा. मजकूर मावत नसेल तर मजकूर कमी करा.

अनुस्वाराला गोल टिंब काढू नका. बोरूने पडतं तसं चौकोनी, कोपऱ्यावर उभं टिंब घ्या. चार तिरपे कट, मधे एक खोल बिंदू. सोपं पडतं आणि उन्हात फार सुंदर दिसतं.

दगड उभा ठेवा. भिंतीला टेकवून, खाली लाकडी ठोकळा, किंचित मागे कललेला, आणि उजेड एका बाजूने किंवा वरून. कोरलेलं अक्षर शाईने दिसत नाही, सावलीने दिसतं. खाचेची एक बाजू उजळ, एक काळी. आडवा ठेवून, डोक्यावर ऊन घेऊन तुम्ही कोरलंत तेव्हा ती सावलीच तुम्हाला दिसत नव्हती.

आणि कार्बन पेपर टाकून द्या. तुम्ही चित्रकलेच्या बाई आहात, तुमच्याकडे चपटा ब्रश आहे. गेरू पाण्यात कालवा आणि थेट दगडावर लिहा. पुसा, परत लिहा. दहा पावलं मागे जाऊन बघा. ब्रशने लिहिलेल्या अक्षराला चढउतार असतो, छिन्नी त्या वाटेने जाते. छापील अक्षर गिरवून कोरलं की सगळं बरोबर असूनही ते दगडावर चिकटवल्यासारखं दिसतं.

कोरण्याआधी लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्या. मी एका कोनशिलेवर "भुमिपूजन" कोरलं होतं, कागदावर तसंच आलं होतं आणि मी तसंच उतरवलं. चार फुटी संगमरवर पुन्हा तासून घ्यावा लागला, महिन्याची मजुरी त्यात गेली. त्यानंतर दगडावरच्या गेरूच्या अक्षराखाली गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय मी छिन्नी उचलली नाही.

शेवटचं. डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला एन-९५ मास्क, आणि दगडावर अधूनमधून पाणी शिंपडा. धूळ फुंकरीने उडवू नका, ओल्या ब्रशने काढा. उस्तादांनी तरुणपणी वाळूच्या दगडाचं काम पुष्कळ केलं होतं. त्या धुळीने त्यांची फुप्फुसं गेली. शेवटची दोन वर्षं ते खुर्चीत बसून झोपायचे, आडवं झालं की श्वास लागायचा. हे वाचून घाबरू नका, पण मास्क विसरू नका.

लेखठसे:

काकांच्या लिखाणाला जोड म्हणून. मी शिलालेख वाचायला शिकतो आहे, कोरायला नाही. पण दगडासमोर तासन् तास बसल्यावर कोरणाऱ्याचा हात दिसू लागतो.

रेघांचा सराव झाला की थेट देवनागरीवर न जाता मधे ब्राह्मी घेऊन बघाल का? जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, आपल्याच काळ्या कातळात. ब्राह्मीला शिरोरेषा नाही. "र" म्हणजे एक उभी रेघ. "क" म्हणजे अधिकचं चिन्ह. "ग" म्हणजे घराचं छप्पर. "न" म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. "ठ" म्हणजे नुसतं वर्तुळ, त्यात टिंब घातलं की "थ". काका म्हणतात त्या उभ्या, आडव्या, तिरप्या आणि गोल खाचा एकामागून एक येतात, आणि रेघा मारण्याऐवजी अक्षर कोरल्याचा आनंद मिळतो.

अलिबागजवळ अक्षीचा शिलालेखही पाहून या. त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला जातो. आणि रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवरची ती एक ओळ, "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर". गड बांधणाऱ्याने नाव पायरीवर ठेवलं. तुमच्या विहिरीची ओळ वाचताना मला तीच आठवली. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी "श्रीचावुण्डराजें करवियलें" आहे. तुम्हीही "बांधली"ऐवजी "करविली" लिहू शकाल, दगडावरच्या मराठीचा तो जुना शब्द आहे.

पाहायला जाल तेव्हा टॉर्च न्या आणि उजेड बाजूने पाडा. अक्षरांत खडू, पीठ, तेल काहीही भरू नका. सांगायची गरज नसेल, पण लोक भरतात आणि मला फार वाईट वाटतं.

लेस्टरचा_मराठी:

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथल्या जुन्या चर्चच्या आवारांत स्विदलँडच्या पाटीच्या दगडाच्या समाध्या आहेत, बऱ्याच अठराव्या शतकातल्या. अडीचशे वर्षं पाऊस खाऊन त्यावरचं अक्षर काल कोरल्यासारखं धारदार आहे. ते बघूनच मी चार दिवसांच्या एका वर्गाला गेलो आणि अजून दर रविवारी कोरतो.

ब्रशचा मुद्दा इथेही पहिल्याच दिवशी सांगतात. रोमच्या ट्रेजनच्या स्तंभाखालचा लेख इ.स. ११३ चा. एडवर्ड कॅटिच हे अमेरिकन धर्मगुरू आधी पाट्या रंगवायचे. त्यांनी १९६८ साली मांडलं की ती अक्षरं आधी चपट्या ब्रशने दगडावर लिहिली होती आणि छिन्नी मागून आली.

एका बाबतीत माझा अनुभव काकांपेक्षा वेगळा आहे. आम्ही छिन्नी दगडावरून न उचलता, भरभर हलके ठोके देत खाचेतून पुढे सरकवत नेतो. गोलाई त्याने फार गुळगुळीत येते. ताई, हेही करून बघा.

जुनी_छिन्नी:

कडप्प्यावर जरूर करा, संगमरवरावर मीही तसंच करतो. काळ्या दगडावर नको. तिथे छिन्नी सरकवत नेली की ती कणावर अडते, घसरते आणि कडेचा दगड घेऊन जाते. तिथे ठोका, उचला, पुढे ठेवा, ठोका. गोलाईसुद्धा लहान लहान सरळ कटांनीच. शेवटी दिसते गोल.

ट्रेजनचं मला माहीत नव्हतं. उस्ताद म्हणायचे, "पहले लिख, फिर खोद." त्यांना हे कुणी शिकवलं असेल ते आता विचारता येत नाही.

कृष्णाकाठची:

सात आठवड्यांनी लिहिते आहे. मधे परीक्षा होत्या, तरी रोज एक तास सोडला नाही.

कडप्प्याचे अकरा तुकडे संपले. पहिल्या चारांवर नुसत्या रेघा. नख फिरवायची सवय लागली, आता डोळे मिटूनही खाच कुठे उथळ झाली ते कळतं. मग ब्राह्मी. "ठ"चं वर्तुळ सहाव्या वेळी जमलं. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत बघायला येतात. एका मुलीने स्वतःचं नाव ब्राह्मीत लिहून आणलं आणि कोरून मागितलं. नावात "ग" आणि "न" दोन्ही आहेत, लगेच दिलं.

गावच्या लोहाराने छिन्न्या करून दिल्या. पाणी देताना मला शेजारी बसवलं आणि पिवळा रंग धारेवर कधी आला ते मलाच सांगायला लावलं.

काल काळ्या दगडावर तीन इंचांचा "वि" कोरला, कार्बाइडच्या छिन्नीने. साडेतीन तास लागले. बेट टिकलं. सांधा टिकला. वेलांटीच्या टोकाशी राईएवढं उडालं आहे, कारण तिथे मी आतून बाहेर गेले. संध्याकाळी दगड ओसरीवर उभा केला. पश्चिमेचं ऊन आडवं आलं आणि खाचेची एक बाजू काळी झाली. आई आतून आली, बराच वेळ अक्षरावर बोट फिरवत उभी राहिली.

मजकूर कमी केला. वर बाबांचं नाव, खाली "शके १९०५ बांधली". लेखठसे, "करविली" मला फार आवडला, पण बाबा स्वतः दगड वाहत होते, त्यांच्या तोंडी "बांधली"च असायचं. म्हणून तोच ठेवते.

आता दोन शंका. एक, शून्य. अंकातलं "०" लहान, आणि त्यात बेट तेवढंच नाजूक. दुसरी, दगड बसवून मग कोरू की कोरून मग बसवू? आकार दोन फूट बाय दीड फूट, जाडी चार इंच.

जुनी_छिन्नी:

ताई, "वि" झाला म्हणजे अवघड ते झालं.

शून्य अंकांच्या उंचीएवढंच करा, लहान नको. बाकीचे अंक तीन इंच तर शून्यही तीन इंच, थोडं उभट. बेट मोठं मिळेल. आधी आतली बाजू पूर्ण, मग बाहेरची. "९" आणि "५" शून्याच्या आधी कोरू नका. शून्य नीट निघालं की त्याचीच गोलाई हातात असताना ते दोन्ही करा.

कोरून मग बसवा. विहिरीवर उन्हाचा कोन तुमच्या हातात नाही, ओसरीवर आहे. पण बसवायची जागा आधी ठरवा आणि तिथे सकाळी ऊन येतं की दुपारी ते बघा. पूर्वेकडे तोंड असेल तर अक्षर सकाळीच उठून दिसेल. कडेला चारही बाजूंनी चार बोटं जागा मोकळी सोडा, चुन्यात किंवा सिमेंटात दगड बसवताना कडा दबतात. त्या मापाचा काळा दगड ऐंशी किलोच्या आसपास भरेल. नेताना उभा न्या, अक्षराच्या बाजूला गोणपाट, आणि माणसं चार.

कृष्णाकाठची:

जागा पाहून आले. मोटेच्या धावेच्या बाजूला, पूर्वेकडे तोंड. चार माणसं आहेत, सगळी बाबांबरोबर विहिरीत उतरलेली. उद्या गेरूने नाव लिहिते. लिहिलेलं आईकडून वाचून घेते आणि सही तिचीच घेते.